भावसिंगकाकांच्या ओट्यावरची शिट्टी

"जवळा बाजार ते परभणी या पट्ट्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर न्हाई," असं प्रेमानंद खिल्लारे छातीठोकपणे सांगायचा. ते खरंच होतं. त्या पट्ट्यात दुसरा गुप्तहेरच नव्हता.

फोटो स्टुडिओच्या पाटीखाली त्याने स्वतःच रंगवून घेतलं होतं, 'आंतरजिल्हा गुप्तहेर'. आंतरजिल्हा अशासाठी की एका हरवलेल्या छत्रीच्या मागावर तो थेट परभणीपर्यंत गेला होता. छत्री सापडली नाही. जाताना त्याची स्वतःची एक होती, येताना तीही नव्हती.

स्टुडिओ त्याची बायको करुणा चालवायची. गिऱ्हाइकाची मान सरळ करण्यापासून फोटो कापण्यापर्यंत सगळं तीच. शिवाय ती गुप्तहेराची सहायकही होती, म्हणजे तपासाला निघताना स्कूटीवर मागे बसून रस्ता सांगायची.

एके सकाळी भावसिंग राठोड तणतणत स्टुडिओत शिरले. एसटीत जन्मभर कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

"प्रेमानंदराव, मी चाललो ठाण्यात जळबाच्या नावानं तक्रार द्यायला. आमची रुख्मिणी म्हणली, आधी तुमच्याकडं जा. म्हणून आलो."

करुणाने पाणी दिलं. पाण्याबरोबर हळूहळू हकिकत उतरली. भावसिंगकाकांचा बीपी वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेऊ नका, रोज सकाळी ओट्यावर डोळे मिटून बसा, लांब श्वास घ्या, लांब सोडा. काका इमानदारीत बसले. पण श्वास सोडायला सुरुवात केली की कुठूनशी बारीक शिट्टी यायची. डोळे उघडले की बंद. पुन्हा मिटले की पुन्हा चालू.

"शेजारी कोण? जळबा! भिंतीआडून मला चिडवून राहिला. शांत बसायचं म्हणलं की माझं डोकंच पेटतं."

करुणाला वाईट वाटलं. जळबा आणि भावसिंग वर्षानुवर्षं एकाच मोटरसायकलवर आठवडी बाजाराला जायचे. आता दोघं वेगवेगळे जात, एकाच वांग्याच्या ढिगापुढे उभे राहून भाव करत आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. वांगीवालीने दोघांना वेगवेगळा भाव सांगायला सुरुवात केली होती.

"काका, तक्रार दुपारनंतर द्या," प्रेमानंद म्हणाला. "त्याआधी मी शिट्टीची मुळं खणून काढतो."

तासाभरात दोघं काकांच्या ओट्यावर हजर होते. प्रेमानंदने चारी दिशा हुंगल्या.

"कुकर!"

"ओट्यावर?" करुणा म्हणाली.

"शेजारचा."

"कुकर यांचे डोळे मिटायची वाट कशाला बघंल?"

प्रेमानंदने तो सिद्धान्त तात्पुरता राखून ठेवला आणि पाखराचा मांडला. त्यानंतर पाण्याच्या पाइपात अडकलेल्या हवेचा. शेवटी तो शिडी लावून गच्चीवर चढला, टाकीआडून जळबाच्या अंगणात डोकावला आणि तिथूनच ओरडला, "हत्यार सापडलं!"

जळबा अंगणात चुलीपुढे बसून तोंडाला लांब नळी लावून फुंकत होता.

प्रेमानंद खाली उतरला आणि तरातरा फाटकातून आत गेला. मागे करुणा, तिच्यामागे दात ओठ खात भावसिंगकाका.

"जळबामामा, हलू नका! ती नळी इकडं द्या."

"फुंकणी हाय बाबा. अंघोळीचं पाणी तापवून राहिलो."

"फुंकणी की शिट्टी, ते आता कळंल." प्रेमानंदने सगळ्यांसमोर फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकर मारली. गडबडीत दुसरं टोक चुलीतच होतं. शिट्टी वाजली नाही. राख मात्र सगळी गुप्तहेराच्या तोंडावर आली.

करुणाने रुमाल पुढे केला. अशा तपासांना ती दोन रुमाल घेऊनच निघायची.

"शिट्टीचंच म्हणाल," जळबा भावसिंगकडे न बघता म्हणाला, "तर ती मलाबी ऐकू येते. रोज सकाळी. भिंतीपल्याडून. आता या वयात शेजाऱ्याला शिट्ट्या मारायच्या, शोभतं का ते?"

"मी? मी मारतो शिट्ट्या?" भावसिंगकाकांच्या कपाळावरची शीर टरारली.

"थांबा!" राखेतून प्रेमानंदचे डोळे चमकले. "तुमी न्हाई, हेबी न्हाई. म्हणजे तिसरा माणूस! तुमच्या दोस्तीवर जळणारा. भिंतीच्या मधोमध लपलेला."

"भिंत विटेएवढी हाये," करुणा म्हणाली.

"म्हणजे बारीक अंगाचा."

तिसऱ्या माणसाला पकडायला सापळा ठरला. काकांनी नेहमीसारखं ओट्यावर डोळे मिटून बसायचं, बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं. जळबालाही आणून बसवलं. काकांनी लांब श्वास घेतला. सोडला.

सुईईई.

प्रेमानंदने तुळशीच्या कुंडीवर झडप घातली. जळबाने शेवग्याकडे पाहिलं. करुणा मात्र काकांकडेच बघत राहिली, कारण शिट्टी संपली तेव्हाच त्यांची छातीही खाली बसली होती. पण हे बोलायचं कसं? बीपीचा माणूस.

तेवढ्यात रुख्मिणीबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "अजून सापडलं न्हाई का?" त्या म्हणाल्या. "यांच्या नाकातून वाजतं ते. डावीकडच्या."

भावसिंगकाकांनी डावी नाकपुडी दाबून श्वास सोडला. काही नाही. मग उजवी दाबली. सुईईई. कंडक्टरने डबल बेल द्यावी तशी त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्न झाल्यापासून."

"मग काहून सांगितलं न्हाई?"

"रोज सांगितलं. तुमी म्हणायचे, तुझे कान वाजून राहिले. म्हणून म्हणलं, बाहेरचा माणूस सांगंल तर ऐकतील." त्यांनी राखेने माखलेल्या गुप्तहेराकडे बघितलं. "त्यालाबी न्हाई जमलं."

जळबा आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना. "भावसिंग, तुमच्या नाकापायी मी आधी आठ दिवस शेवग्यावर पोपट शोधून राहिलो की!"

भावसिंगकाकांनी चेहरा कडक ठेवायचा खटाटोप केला. पण हसू नाकातून फुटलं आणि तेही शिट्टीसकट. मग मात्र दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हसले. ठाण्यात जायचं कोणीच काढलं नाही.

कप उचलायला करुणा आत गेली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "काकू, इतकी वर्षं तकलीफ न्हाई झाली?"

"झाली की. पहिली दोन वर्षं उशी कानावर घेऊन झोपले. एकदा तर नाकात कापूस घालायला उठले होते." रुख्मिणीबाई कप विसळत म्हणाल्या. "मग म्हणलं, जाऊ दे. वाजून राहिलं म्हणजे माणूस जित्ता हाये. उठून बघायचं काम न्हाई."

परतताना स्कूटीवर प्रेमानंद भलताच खुशीत होता. कानात राख होती तरी आवाज चढलेला. "पाहिलंस? एकेक संशयित गाळत गाळत मी मामला पार नाकापर्यंत आणला. रुख्मिणीकाकूंनी फक्त शेवटचा शब्द उच्चारला."

करुणाने तोंड उघडलं. कुकर, पाखरू, पाइप, विटेएवढा माणूस, सगळं ओठांवर तयार होतं. मग तिने एक लांब श्वास घेतला. शिट्टी न वाजवता सोडला.

"काय म्हणलीस?"

"समोर म्हैस हाये."

"मी पाहिलीच होती," म्हणत त्याने करकचून ब्रेक दाबला. स्कूटी म्हशीच्या पोटाला टेकूनच थांबली. म्हशीने मान वळवून आंतरजिल्हा गुप्तहेराकडे नीट पाहिलं, कान हलवला आणि काही मनाला लावून न घेता रस्ता ओलांडला.