मुळगावचे पाहुणे

शाल कपाटात घडी घालून ठेवली होती, मानपत्र लिहून झाले होते, पेडण्याच्या बाजारात हारही सांगितला होता. अडचण एवढीच होती, की सत्कारमूर्तीला यातले काही कळू द्यायचे नव्हते, आणि सत्कारमूर्तीवाचून कोरगावात कोणतेही कार्य उभे राहत नसे.

रामचंद्र हवालदार ब्रह्मदेशच्या लढाईतून मांडीत गोळी घेऊन परतले. गोवा मुक्त झाल्यावर पलटण सोडून ते गावी आले, आणि तेव्हापासून देवळाच्या मंडपात खुर्च्या मांडण्यापासून कर्ण्याची वायर जोडण्यापर्यंत सारी कामे त्यांच्याकडे आली. गोवा राज्य झाले त्या वर्षी तालुक्याने त्यांचा सत्कार ठरवला होता. हवालदार त्या दिवशी पहाटेच काजूच्या बागेत गेले आणि दिवस मावळल्यावर घरी आले.

मधुकर मास्तरांच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली होती. बांध फुटला त्या पावसाळ्यात याच माणसाने मास्तरांच्या अडलेल्या बायकोला, जानकीला, खुर्चीत बसवून, ती खुर्ची खांद्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून पलीकडे नेले होते. तेव्हा जन्मलेली मुलगी आता कॉलेजात होती. आभाराचा शब्द काढला, की हवालदार नारळाच्या भावावर बोलू लागत. येत्या सोमवारी त्यांचा मुलगा त्यांना कायमचे बेळगावला नेणार होता. हा रविवार हुकला, की सारेच हुकले.

"मगे खुर्च्यो कोण मांडतलो?" जानकीने नवऱ्याला विचारले.

"मी आहे ना."

"तुमी? तुमका घरातलो बल्ब बदलूक येना!"

रविवारी सकाळी मास्तर तरीही मंडपात गेले. थोड्याच वेळात कर्णा किंचाळू लागला, आणि तो बंद करायला धावताना मास्तरांचा पाय पताकांच्या दोरीत अडकला. तो आवाज ऐकून हवालदार आलेच.

"मास्तर, हें कित्याक चललां?"

मास्तरांना खोटे बोलायची सवय नव्हती. "एका म्हाताऱ्या फौजीचा सत्कार आहे. मुळगावचे आहेत." डिचोलीकडचे गाव, पुरेसे दूर, म्हणून ते नाव तोंडात आले असावे.

"मुळगावचो माणूस, आनी सत्कार आमच्या देवळात?"

"त्यांच्या मंडपाचं काम चाललंय."

"केलां कित्ये तेणें?"

मास्तरांना मानपत्रच तेवढे पाठ होते. "लढाईत जखमी झाले. गावात आल्यावर फुटलेला बांध माणसं गोळा करून बांधला. झरीपर्यंत वाट काढली. कुणाच्या घरी मरण असो, लाकडं हेच फोडतात. अडलेल्या बायांना खांद्यावरून दवाखान्यात नेलं."

हवालदारांनी टोपी काढली. "एकट्या मनशान?" त्यांचा आवाज ओला झाला. "असलीं माणसां आसत रे अजून! आमी हांगा आयुष्यभर कित्ये केलें? सरा बाजूक. वायर माका दिया."

दुपारपर्यंत मंडप असा सजला, की जत्रेलाही तसा सजला नसेल.

"पाहुण्याक हाडूक कोण गेला?" हवालदारांनी विचारले.

"येतील ते आपले आपण."

"आपले आपण? एवढो मोठो माणूस, आनी बसीन येतलो एकटोच?" हवालदारांनी टोपी चढवली आणि भाड्याची रिक्षा करून धारगळचा हमरस्ता गाठला.

कार्यक्रमाची वेळ झाली. सारा गाव मंडपात बसला, आणि सत्कारमूर्ती धारगळला स्वतःचीच वाट पाहत उभी होती.

"आता तेंका हाडूक कोणाक धाडतात?" जानकी म्हणाली. "मुळगावच्या पाहुण्याक?"

इतक्यात रिक्षा आली. हवालदार उतरले, आणि त्यांच्यामागून पिळदार मिशांचे एक ताठ म्हातारे गृहस्थ.

"मास्तर, गावले!" हवालदार तिथूनच ओरडले. "हरेक म्हाताऱ्याक विचारलें. हेंची चाल बघल्याबरोबर कळलें, फौजी! मुळगाव? म्हणून विचारलें, होय म्हणाले!"

नारायण सुभेदार खरोखरच मुळगावचे होते. ते मांद्र्याला भाचीकडे निघाले होते. पण काही बोलायच्या आत हवालदारांनी त्यांची पिशवी उचलली होती. आता त्यांना मधल्या खुर्चीवर बसवून हवालदार स्वतःच शाल उलगडू लागले. मास्तर सुभेदारांच्या कानाशी वाकले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगून टाकले.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते उठले.

"हुद्दा?" त्यांनी हवालदारांना विचारले.

"हवालदार, सायब!"

"हवालदार, सावधान!"

रामचंद्र हवालदारांच्या टाचा जुळल्या, छाती पुढे आली, हात मांड्यांना चिकटले. हातातून सुटलेली शाल सुभेदारांनी वरचेवर झेलली आणि हवालदारांच्याच खांद्यांवर घातली.

"सायब, चूक जाता, ही तुमची..."

"रांगेत बोलायचं नाही!"

मास्तरांनी मानपत्र वाचायला घेतले. बांध आला, झरी आली, लाकडे आली. सकाळी ऐकलेली वाक्ये एकेक करून अंगावर येत होती आणि हवालदारांना जागचे हलता येत नव्हते. नजर समोरच्या खांबावर, कान लालबुंद, गालावरून पाणी ओघळलेले. पण पुसायला हात उचलायची सोय नव्हती. खुर्चीचे वाक्य येताच मास्तरांनाच पुढे वाचता येईना. तेव्हा जानकी पुढे झाली आणि मुलीला घेऊन हवालदारांच्या पाया पडली. तिच्यामागे शेजारीण उठली, तिच्यामागे पुजारी, मग सारा गाव.

"सायब," ओठ न हलवता हवालदार पुटपुटले, "विश्राम म्हणा आता."

सुभेदारांनी पाया पडणाऱ्यांच्या रांगेकडे पाहिले. ती देवळाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती.

"इतक्यात नाही," ते म्हणाले, आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.