पेटी उघडण्याबाबत

माणूस अन्नावाचून आठ-पंधरा दिवस काढू शकतो, असं जाणकार सांगतात. पण ‘मग काय झालं?’ हे कळल्यावाचून त्याला एक दिवस काढवत नाही. केशोरीच्या उदारामनं या सत्यावर आपली सगळी हयात उभी केली आणि ती सात वर्षं पडली नाही. त्यावरून सत्य भक्कम असावं.

उदाराम दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, लिहायचा, बसवायचा आणि गावोगावच्या मंडईत न्यायचा. (ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की धानाच्या या मुलखात प्रत्येक गाव आपापला दिवस धरून जत्रा भरवतं, लेकी-जावयांना बोलावतं, पोरापोरींची लग्नं जुळवतं आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात दंडारीचा खेळ पाहतं.) १९५२ पर्यंत त्याची कारकीर्द चारचौघांसारखीच होती. त्याच्या खेळाला सुरुवात, मध्य आणि शेवट असे सगळे अवयव असत, आणि शेवट झाला की लोक उदारामला विसरून घरी जात.

त्या वर्षी केशोरीच्या मंडईत त्यानं नवा खेळ लावला. नवी सून सासरी पहिल्यांदा ताटावर बसते. घास उचलणार तोच सासू म्हणते, “ऊठ. माह्या पेटीची किल्ली हरवली. सापडल्याबिगर घास नाही.” सून उठते. किल्ली चुलीमागं सापडते. आता ती सासूला द्यावी, की आधी पेटीत काय आहे ते पाहावं? सून पेटीच्या कडीला हात घालते, आणि नेमक्या त्याच वेळी खेमराज पाटलाचा रेडा सुटून मैदानात शिरला. प्रेक्षक पांगले, ढोलकी फुटली, खेळ थांबला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडई होती. तिथं केशोरीहून अडतीस बैलगाड्या आल्या. माणसं उतरायच्या आधीच विचारत होती, “का निंगलं गा पेटीत?”

उदारामनं त्या अडतीस गाड्या दोनदा मोजल्या. शेवट हा लेखकाचा वैरी आहे, हा शोध त्याला त्या वेळी लागला. त्या दिवसापासून, रेडा असो वा नसो, तो आल्यासारखं थांबायचं, असा त्यानं नियम केला.

पुढच्या कामकाजाचा गोषवारा असा. १९५२ ते १९५८ या सात हंगामांत एकंदर मंडया एकसष्ट. सुनेचा हात कडीवर पडला एकसष्ट वेळा. पेटी उघडली शून्य वेळा. कारणं: सासऱ्याला भोवळ आली सतरा वेळा, तार आली चौदा वेळा, किल्ली पुन्हा हरवली बारा वेळा (त्यात बोदलकसाच्या तलावात एकदा, ती माशानं गिळली व मासा गोंदियाला विकला गेला), साप निघाला नऊ वेळा. उरलेल्या नऊ वेळा काहीच कारण दिलं नाही. लोकांनी ते मोठ्या मनानं समजून घेतलं.

याच काळात जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आणे जाऊन नवे पैसे आले, एक निवडणूक उरकली. पेटी मिटलेलीच.

जनतेवर झालेल्या परिणामांचीही नोंद घ्यायला हवी. सासूचं काम करणाऱ्या बकारामला मुर्रीत एका बाईनं भर बाजारात चपलेनं मारलं. उदारामनं ती चप्पल मागून घेतली आणि कलेची पावती म्हणून घरी खुंटीला टांगली. बोदलकसाला एक सोयरीक मोडली, कारण मुलाची आई बोलून गेली की सासूचंही काही चुकत नाही. सुनेचं काम करणाऱ्या दुधरामला सात वर्षं मिशी ठेवता आली नाही. त्याच्या पोरांना गाव ‘सूनबाईचे पोट्टे’ म्हणू लागलं.

घरातून मात्र एक हरकत कायम होती. खेळातली पेटी उदारामची बायको सुशिलाबाई हिच्या माहेरची होती. “लोकायची सून माही पेटी उघडून नाही राहिली,” ती म्हणायची, “अन् माही लुगडी दोरीवर उंदरं खाऊन राहिले!” कलावंताला घरात किंमत नसते, असं म्हणून उदाराम जेवायला बसायचा.

आणि मग १९५९ ची दिवाळी झाली आणि रुख्मा डोकरीनं खाट धरली.

रुख्मा ही गावातल्या कवडूची म्हातारी माय. सात वर्षांत जवळपासची एकही मंडई न चुकवता पुढच्या रांगेत बसणारी. वैद्यानं तिला दोन दिवसांची मुदत दिली. ती तिनं ओलांडली. वैद्यानं आणखी दोन दिवस दिले. तेही तिनं ओलांडले. नवव्या दिवशी कवडू उदारामच्या दारात आला.

“भाऊ, मायचा जीव अटकून राहिला गा. दिवसभर पेटी, सून, पेटी, सून. हाल पाहावत नाही. का आहे पेटीत, तेवढं तिच्या कानात सांगून दे.”

प्रकरण मंडईच्या पंचांपुढं गेलं. अध्यक्ष खेमराज पाटील (रेड्याचे मालक) म्हणाले, “सकाळी डोकरीले सांगशीन, दुपारी गोष्ट विहिरीवर जाईन. मंग उद्या मंडईले कोन येईन, तुहा बाप?” उलटसुलट बोलणं होऊन ठराव झाला: ‘मरणारीस पेटीतील ऐवज सांगण्यास हरकत नाही, मात्र सांगितल्यावर तिने मरण्यास विलंब करू नये.’ कवडूनं अंगठा दिला.

उदारामची अडचण निराळीच होती, आणि ती पंचांपुढं मांडण्यासारखी नव्हती. पेटीत काय आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

कवडूच्या घरापर्यंतच्या वाटेवर त्यानं पेटीत आधी सोनं ठेवलं, मग मृत्युपत्र ठेवलं, आणि अंगणात पोचेपर्यंत सवतीच्या मंगळसूत्रावर मन पक्कं केलं. कुडाच्या भिंतीला बाहेरून चाळीसेक कान लागले होते. तो खाटेशी वाकला.

“मावशी, पेटीत...”

“पेटीत काई नाही,” डोकरी म्हणाली. “पयल्याच साली म्या पायलं. दुधराम एका हातानं उचलते तिले.”

उदाराम खालीच बसला. “मंग कायच्यासाठी जीव अटकून राहिला, मावशी?”

“थे पोरगी जेवली का रे?”

“कोनती पोरगी?”

“तुही सून! ताटावरून उठवली तिले. साप आला, तार आली, मासा गोंदियाले गेला. सात साल झाले. मेल्या, कोनी तिले जेव तरी म्हनलं का?”

उदारामला थापा मारायची सवय होती. ‘जेवली’ म्हणायला तोंड उघडायचाच काय तो उशीर. तोंड त्यानं उघडलंही. पण ते तसंच मिटून तो घरी गेला आणि त्यानं सुशिलाबाईला सकाळी रांधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी केशोरीची मंडई. सुशिलाबाईनं सकाळीच नव्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी रांधली. कवडूनं मायची खाट उचलून पुढच्या रांगेत आणली. मैदानात पेटी होती, ताट होतं. दुधराम सुनेच्या लुगड्यात पाटावर बसला आणि जेवू लागला.

तो पाव तास जेवला. संवाद नाही, गाणं नाही. मग मागून आवाज आला, “घरी भेटत नाही का बे दुधराम?” मग सगळं मैदान ओरडू लागलं, “पेटी! पेटी उघड!” त्या गलक्यात खाटेवरून डोकरी म्हणाली, “आनखी भात वाढा तिले.” उदारामनं स्वतः जाऊन वाढला. सुनेनं ताट पुसून खाल्लं, हात धुतले, आणि डोकरीनं डोळे मिटले. ती गेली हे बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे पेटीवर होते.

पंचांनी संध्याकाळीच ठराव केला: कथेशी संबंध नसलेला जेवणाचा प्रसंग घालून लेखकानं जनतेचा पाव तास वाया घालवला, पुढं त्याला बोलावू नये. बाकीच्या गावांनीही तोच कित्ता गिरवला. उदारामची कारकीर्द संपली. पेटी घरी आली आणि सुशिलाबाईनं ती उघडून तिच्यात लुगडी ठेवली.

हा ठराव वाचकाला अन्यायाचा वाटेल. वाचक सुज्ञ आहे. सून उपाशी उठली, ते त्यानं वर, रेडा सुटायच्या आधी, आपल्या डोळ्यांनी वाचलं होतं. तिथून पुढं त्याला कशाची काळजी लागून राहिली होती, ते त्यानं केशोरीच्या पंचांत बसून सांगावं. पाटलांनी थोडं सरकून जागा केली आहे.