इंदूअक्काच्या रिकाम्या बाटल्या

इंदूअक्काशी बोलायचं म्हणजे आधी वारा कुठून येतोय ते बघावं लागे. आपण चुकीच्या बाजूला उभे असलो, तर बोलता बोलता ती आपल्या खांद्याला धरून आपल्याला फिरवी आणि म्हणे, "स्वल्प तिकडं सर." मग आपला श्वास तिच्या अंगावरून न जाता भलतीकडे जाई आणि गप्पा पुढे चालू होत. चामराजपेटेतला भाजीवाला, पोस्टमन, देवळातले भटजी, सगळे तिने असे फिरवून ठेवले होते.

नव्वदच्या दशकात बँकेच्या बदलीवर मी पुण्याहून बंगळुरात गेलो आणि तिच्या घराच्या माडीवर भाड्याने राहिलो. तिचं घराणं शिवकाळापासून तिकडचं, त्यामुळे तिचं मराठी कानडीत छान मुरलेलं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. घरात ती आणि दम्याने बेजार झालेली तिची म्हातारी अम्मा. एका विज्ञानसंस्थेत ती मोठ्या हुद्द्यावर होती आणि तिचं काम होतं हवा गोळा करण्याचं.

"डॉक्टर झाली," अम्मा मला धापा टाकत सांगत, "आणि जाते रिकामी बाटली घेऊन, येते रिकामी बाटली घेऊन."

दर गुरुवारी ती जीपने गावाबाहेरच्या एका डोंगरावर जाई. सण असो, ताप असो, गुरुवार चुकत नसे. सख्ख्या भाच्याच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि ही बाई पंगतीआधीच डोंगराकडे पसार. खंड पडला की सगळं गेलं, असं तिचं म्हणणं.

एकदा हौसेने मीही गेलो. वर पोचताच तिने ड्रायव्हरची विडी विझवायला लावली, जीप लांब उभी करवली आणि मला वारा जिकडे जात होता त्या बाजूला नेऊन बसवलं. मग काचेची बाटली हात लांब करून समोर धरली, वाऱ्याला सामोरी झाली आणि श्वास रोखून पुढे चालत गेली. माणसाचा एक उच्छ्वास शिरला तरी नमुना नासतो म्हणे. तिने तोटी उघडली आणि नेमकी मला शिंक आली. मी चांगला मागे होतो, तरी तिने ती बाटली बाद केली, दुसरी काढली आणि मला आणखी मागे पिटाळलं.

परतताना मात्र तिने मला प्रयोगशाळेत नेऊन भिंतीवरची रेघ दाखवली. त्या सगळ्या बाटल्यांतल्या कार्बन डायऑक्साइडची ती रेघ. उन्हाळ्यात ती चढत होती. पाऊस होऊन रानं फोफावली की झाडं तो वायू ओढून घेत आणि रेघ उतरे. पुन्हा चढे, पुन्हा उतरे. सगळी पृथ्वी श्वास घेत होती आणि तो या बाईने बाटल्यांत पकडला होता. दर वर्षी रेघ उतरायची ती आदल्या वर्षीइतकी खाली येत नव्हती, हेही तिने बोट ठेवून दाखवलं. तेव्हा ती हसत नव्हती.

पुढच्या थंडीत अम्माचा दमा विकोपाला गेला. बुधवारी त्यांना दवाखान्यात हलवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. गुरुवार उजाडला. तिचा प्रयोगशाळेतला मदतनीस रजेवर होता, म्हणून मी भीत भीत म्हटलं, अक्का, मी जाऊन येऊ का?

"नको रे. तुला शिंका येतात," ती म्हणाली, आणि अम्माच्या छातीवरची नजर तिने काढली नाही. जीप दिवसभर दवाखान्याच्या दारात उभी राहिली. संध्याकाळी अम्मा गेल्या.

तेराव्यानंतर ती कामावर रुजू झाली, त्या दिवशी मी सोबत म्हणून गेलो होतो. पुढच्या गुरुवारी मदतनीस डोंगरावर जाऊन आला होता, पण अम्मा गेल्या त्या गुरुवारच्या जागी रेघेत फट पडलेली होती. तिचे साहेब भले गृहस्थ. आधीचा आणि नंतरचा आकडा धरून मधली जागा भरता येईल, असं सगळेच करतात, असं ते समजुतीने म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल पुढे केली.

इंदूअक्काने पेन्सिल घेतली नाही.

"राहू दे सर," ती म्हणाली. "त्या दिवशीची हवा मी बघितली नाही. मी अम्माचा श्वास बघत होते."