खारा चहा आणि पाण्याची पाळी

चहा सांडला तो नम्रतेपायी, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर उगाच आझांग तुंडुपच्या म्हाताऱ्या हाताला दोष लागायचा, आणि तो हात अजून भरलं भांडं घेऊन ओढा ओलांडतो, थेंब न सांडता.

त्या सकाळी आझांग, म्हणजे मामा, बहिणीच्या घरी आला होता तो भाच्याचं कौतुक बघायला. भाचा गुर्मेत यंदा गावाचा चुरपोन, म्हणजे कालव्याचं पाणी घरोघर पाळीनं सोडणारा. घरं तीस, रोज तिघांची पाळी, ओढा एकच, तोही वरच्या बर्फाच्या मर्जीनं वाहणारा. आझांगनं तीस वर्षं ही पाळी डोक्यात वाहिली. जम्मूला शिकून आलेल्या गुर्मेतनं ती लॅपटॉपात घातली आणि रंगीत रकाने केले. गावानं ओळीनं येऊन ते रकाने पाहिले. दोघांनी तर हातही जोडले.

गुर्मेतची आई, आमा यांगदोल, भावाच्या पेल्यात तिसऱ्यांदा लोण्याचा गुरगुर चहा ओतायला वाकली.

"बस, बस. पोटात जागा नाही."

"एवढ्याशाला जागा कशाला लागते? चिमणी जास्त पिते तुझ्यापेक्षा."

"नको म्हणतो ना, यांगदोल!"

"म्हणायचंच असतं. धर पेला."

आझांगनं पेला झटकन मागे ओढला. मनापासून नको म्हणायचं तर पेला असाच ओढतात. फक्त एरवी त्याच्या मागे उघडा लॅपटॉप नसतो.

लोण्याचा तवंग अंगावर घेऊन चहा बटणांच्या फटींतून आत उतरला, वसंतातलं पहिलं पाणी तहानल्या वाफ्यात उतरतं तसा, हळूहळू आणि सगळीकडे.

"बंद कर!" आझांग ओरडला.

पण बंद कसं करणार? दुपारी लाल खडकावर सावली टेकली की पाणी वळवायचं होतं, आणि कुणाच्या शेताकडे, ते त्या रकान्यात होतं. जून अर्धा उलटलेला, गावभर जवाची पाती टोकाशी पिवळी पडलेली. आधी नाव वाचू, मग बंद करू, असं म्हणत गुर्मेत वाकला. पडदा दोनदा लुकलुकला आणि विझला.

फोनला रेंज फक्त छपरावर, म्हणून गुर्मेत वर चढला. लेहच्या दुरुस्तीच्या दुकानात उन्हाळ्यापुरता आलेला बरेलीचा एक माणूस बोलला.

"बॅटरी काढा, उपडं ठेवा, तंबूसारखं. काय सांडलं?"

"चहा."

"साखर किती होती?"

"कणभरही नाही."

"मग नशीबवान आहात राव. वाळू द्या निवांत."

धुराड्याच्या भोकातून खालून आमाचा आवाज आला, "मीठ सांग त्याला! मीठ अगदी मापात घातलंय, फिका नव्हता म्हणावं!"

 बरेलीवाल्यानं हळूच विचारलं, "चहात मीठ? कुणी घातलं?"

"आमानं."

"चुकून?"

"नाही, रोज घालते."

"भाऊ, मीठ तांबं खातं," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. "आत सगळं कळकून हिरवं पडेल. पाणी लावू नका, स्पिरिटनं पुसा आणि आजच्या आज पाठवून द्या."

गुर्मेत खाली आला तर लॅपटॉप जागेवर नव्हता. आमा पिठाच्या पेटीवर हात टेकून उभी होती.

"ओल शोषली जाईल म्हणून पिठात पुरलाय," ती म्हणाली.

भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी आणि खारा चहा. इकडे हे तिघं एकत्र आले की त्याला न्याहारी म्हणतात. आझांगनं लॅपटॉप वर काढला, कडेनं बोट फिरवलं आणि चाखून बघितलं.

"कोलाक छान मळला गेलाय. मीठ मात्र बेताचं हं."

"आझांग-ले, स्पिरिट कुठून आणू आता?"

"आणायचं कशाला?" म्हणत आझांगनं झग्याच्या खिशातून घरी गाळलेल्या अरकाची बाटली काढली. अर्धी लॅपटॉपला लागली, अर्धी, अरक चांगला आहे की नाही ते बघण्यात गेली.

तोवर बातमी शेतांत पोचली होती. शेजारचा स्तोबदान दारातूनच म्हणाला, "जुले! यंत्र गेलं म्हणतात. काळजी नको, आज पाळी माझी. मला पक्कं आठवतंय."

त्याच्या मागून दुसरी शेजारीण, आने पुतीत, आली. "तुला स्वतःच्या लग्नाचा दिवस आठवेना, पाळी कशी आठवली रे? आज पाणी माझं."

"आझांग-ले, तुम्ही सांगा," गुर्मेत काकुळतीला आला. "तीस वर्षं तुम्हाला तोंडपाठ होतं सगळं."

"होतं." आझांग ओशाळून हसला. "तू ते डब्यात घातलंस ना, त्या दिवशी मी घरी जाऊन असा झोपलो बाबा, तरुणपणीसुद्धा झोपलो नसेन तसा. उठलो तर डोकं रिकामं. फार बरं वाटतंय."

गुर्मेत एकाकडे बघे, दुसरीकडे बघे. दोघंही खरी वाटत होती. आमा दोघांच्या पेल्यांत चहा ओतत होती, आणि दोघंही नको नको म्हणत पीत होती. लॅपटॉप चादरीत गुंडाळून दुपारच्या बसनं गेला आणि सावली लाल खडकावर टेकली.

फावडं घेऊन गुर्मेत कालव्यावर उभा राहिला. पुतीतचं जव जास्त पिवळं दिसलं, म्हणून बांध तिच्याकडे फोडला.

"कळलं!" स्तोबदान फणकारला. "चहासुद्धा तिच्याच बाजूनं सांडला!"

पुढचे दिवस गावानं भांडत, आठवत, एकमेकांच्या साक्षी काढत रेटले. दहाव्या दिवशी लॅपटॉप परत आला. सोबत चिठ्ठी: 'हिरवं घासून काढलं आहे. यादी शाबूत आहे. पीठ कुठून आलं ते कृपया कळवावं.'

गुर्मेतनं चहा सांडल्याचा तो दिवस उघडला. दुपारच्या रकान्यात ना स्तोबदान होता ना पुतीत. तिथं त्याच्या स्वतःच्याच घराचं नाव होतं.

"आमा! त्या दिवशी पाणी आपलं होतं!"

"हो," चहा घुसळता घुसळता आमा म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आपलं शेत आहे. मला माहीत नसायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस? आपलं जव वाळत होतं गं!"

आमाच्या हातातला घुसळायचा दांडा थांबला. हा मुलगा आपणच वाढवला का, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पाहुणे घरात बसलेले. त्यांच्या तोंडावर म्हणायचं, पाणी आमचं?"

गुर्मेतनं आजचा दिवस पाहिला. दहा दिवसांत पाळी फिरून पुन्हा त्यांच्याच दारी आली होती. तेवढ्यात दारात स्तोबदान उभा.

"जुले! यंत्र बरं झालं म्हणे. आज दुपारी पाणी कुणाचं?"

"ये, बस," आमा लगबगीनं म्हणाली. "तुझंच असेल."

"आमचं आहे!" गुर्मेत ओरडला.

 स्तोबदाननं खाली बघितलं. आमा शरमेनं लाल झाली, शालीआड तोंड लपवत पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस बाबा. जम्मूला शिकलाय तो."