गच्चीवर ठेवलेली बॅग

पावसाचा अंदाज कळला आणि जयप्रकाशरावांनी कित्येक दिवसांनी स्वतःहून दाढी केली. चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणीत त्यांचा जन्म पाण्याशी झुंजण्यात गेला होता. कडेनं चर खणायचे, पाणी तळाच्या खड्ड्यात वळवायचं, पंपानं उपसायचं आणि यंत्रं आधीच वरच्या टप्प्यावर नेऊन ठेवायची. गेल्या वर्षी पत्नी लीनाबाई गेल्या, चिरागनं वडिलांना बहारीनला ईसा टाउनच्या आपल्या घरी आणलं, आणि इथं उपसायला पाणीच नव्हतं. सून सावनी जीव लावणारी होती. पण काम नसल्यामुळे म्हाताऱ्याला दुःख करायला दिवसभर मोकळा वेळ मिळे.

या घरात त्यांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, लीनाबाईंच्या साड्यांची बॅग. ती त्यांनी कधी उघडली नाही आणि कुणाला उघडू दिली नाही. उघडली की आत राहिलेला तिचा वास उडून जाईल, अशी त्यांना भीती वाटे.

शेजारचे ताहिर मूळचे रत्नागिरीचे, त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. इथं दोन सरींत रस्ते तुंबतात आणि पाणी घरात शिरतं, असं ते सहज बोलून गेले. झालं, जयप्रकाशरावांनी त्यांच्याकडून पंप आणि रिकामी पोती आणवली. अंगणात चर पडला. कोपऱ्यात खड्डा झाला आणि सावनीचा कढीपत्ता त्यात कामी आला. तिनं तेही सोसलं, फक्त गच्चीवरचं पाणी खाली सोडणाऱ्या पाइपांत धूळ साचली असेल, तेवढं बघू या का, असं विचारलं.

"अवं, पाणी खाली जाते," सासरे समजुतीनं म्हणाले. "वरच्या टप्प्यावर ते काऊन थांबन?"

त्याच हिशेबानं त्यांनी बॅग स्वतः उचलून गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली.

पाऊस आला. फाटकाखालून आत आलेलं पाणी शहाण्यासारखं चरात वळलं, खड्ड्यात उतरलं आणि पंपानं पुन्हा रस्त्यावर गेलं. ताहिर छत्री धरून कौतुक करत होते. चिराग व्हिडिओ काढून नातेवाइकांना धाडत होता. जयप्रकाशराव वर्षभरानं ताठ उभे होते. तेवढ्यात सावनीचा पाय घरातल्या जिन्यावर घसरला. पाणी एकेक पायरी करत वरून खाली येत होतं.

गच्चीला चारी बाजूंनी कठडा, पाइपांत धूळ आणि कबुतरांची पिसं. वर चक्क तलाव झाला होता आणि खोलीतली बॅग मुठीपर्यंत पाण्यात होती. जयप्रकाशराव तिच्याशेजारी पाण्यातच बसले.

"जन्मभर लोकांचं पाणी काढलं," ते म्हणाले, "अन् तिची बॅग मीच बुडवली."

ताहिरनी काठीनं पाइप मोकळा केला. "काका, खलास, उतरलं पाणी," असं म्हणून ते हळूच खाली निघून गेले. बॅग उघडली नाही तर साड्या कुजतील, असं सावनीनं सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं बॅगेवरचा हात काढून घेतला.

आतून वास आला तो डांबराच्या गोळ्यांचा. वर्षभर त्यांनी तोच सांभाळला होता. ते ओशाळं हसले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

सावनीनं पहिल्या साडीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघं पिळायला लागले. साडी नुसती गोल गोल फिरत राहिली. पाणी काही निघेना.

"बाबा, तुम्ही उलटं पिळताय."

त्यांनी हातांकडे पाहिलं. सुलट पिळून पाहिलं, पण हात पुन्हा तिकडेच वळले.

"तुझी सासू डावखुरी होती," ते म्हणाले. "तिच्यासंगं असंच पिळावं लागे."

सावनीनं आपले हात डावीकडे फिरवले. साडीला पीळ बसला, पाणी गळायला लागलं, आणि जयप्रकाशराव टोक घट्ट धरून रडले.