नंबरकाकांची पितळी पट्टी

“पायांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!” हे वाक्य नंबरकाका दिवसातून चारदा म्हणत, आणि काकू चारही वेळा न ऐकल्यासारखं करत.

तसा काकांचा अधिकार होताच म्हणा! चाळीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलेली. गिऱ्हाईक दारात असतानाच हे आतून ओरडणार, “सात नंबर! डावा पाय जरा रुंद!” म्हणून तर नंबरकाका. पण मधुमेहाला काय त्याचं! तीन महिन्यांपूर्वी पाय तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितलं. तळव्याला बारीक तार टेकली की ‘हो’ म्हणायचं. काका ठेका धरून ‘हो, हो, हो’ म्हणत सुटले.

“काका, मी अजून सुरुवातच केली नाही!”

पाय बधिर होत चालले होते. बाईंनी बजावलं, “रोज आरशात तळवे बघा. अनवाणी फिरू नका. बूट घालण्याआधी आत हात घालून बघा. जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही, आणि चिघळली तर पायावर बेतेल.”

“बुटात हात घाला म्हणे!” काका बाहेर येऊन हसले. “मी जन्मभर दुसरं केलंय काय?” काकूंनी आणलेला आरसा त्या दिवसापासून खिळ्यावरच लटकत राहिला.

आज फेरतपासणीचा दिवस. सकाळी काकांनी सवयीने शर्टाचा खिसा चाचपला आणि किंचाळलेच, “माझी पट्टी कुठाय?”

पट्टी म्हणजे टाच बुटात सरकवायची बोटभर पितळी पट्टी. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या मालकांनी दिलेली, घासून घासून आरशासारखी झालेली. काकांनी कपाट उपसलं. काकूंचा शिवणाचा डबा पलंगावर पालथा केला.

“भंगारात दिलीस ना?”

“तुम्हालाच अजून दिलं नाही, पट्टी कुठून देऊ?”

काका भडकले. तसेच बुटांत पाय खुपसले आणि तीन जिने चढून वरच्या घड्याळवाल्यांकडे गेले. काल त्यांनीच पट्टी हातात घेऊन कौतुक केलं होतं! घड्याळवाल्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःचे सगळे खण उघडून दाखवले, वर चहा विचारला. काका चहा न घेता उतरले ते तरातरा थेट जुन्या दुकानात. धाकट्या मालकांना ती पट्टी काचेच्या कपाटात ठेवायची होती ना? मग चोर दुसरा कोण!

“काका, तुमची पट्टी मी घेईन?” धाकटे मालक हसले. “बसा आधी. चाल वेगळी वाटतेय तुमची.”

“माझी चाल मला सांगतोस?”

पण बसले. त्यांचं बुटकं स्टूल अजून तिथंच होतं. नव्या चामड्याचा तोच वास, जमिनीलगतचा तोच आरसा. काकांचा राग कुठल्या कुठे गेला. याच स्टुलावर बसून किती पोरांना पहिले बूट घातले! आणि याच आरशासमोर एक मुलगी चपला घ्यायला आली होती. पाय पाच नंबरचा, हे एका नजरेत कळलेलं. तरी काकांनी चार नंबर दिला. बदलायला पुन्हा येईल म्हणून! आणि ती आठव्या दिवशी आली की हो! काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात तीच मुलगी, म्हणजे काकू, फाइल घेऊन दारात उभी.

“दवाखान्यात चला. इथंच असणार, ठाऊक होतं मला.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उजवा बूट काढला. खण्णकन काहीतरी फरशीवर पडलं.

“सापडली!” काका आनंदाने ओरडले. “काल संध्याकाळी मीच बुटात ठेवली! सकाळी हाताशी असावी म्हणून!”

त्यांच्या आनंदात कुणीच सामील झालं नाही. सगळे मोज्याकडे बघत होते. टाचेखाली मोजा लाल झाला होता.

“किती चाललात यावर?”

“तीन जिने... आणि अख्खा बाजार,” काकांचा आवाज खाली आला. “पण मला काहीच कळलं नाही हो!” मग अगदी हळू विचारलं, “पाय जाईल का माझा?”

“आज दिसलं म्हणून वाचला. पण जखम भरेपर्यंत या पायावर चालायचं नाही.”

संध्याकाळी काकूंनी आरसा खिळ्यावरून काढला, काकांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाटावर बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. काकांनी पाय मागे ओढला. “अगं, तू खाली कशाला? ती माझी जागा!”

“चाळीस वर्षं बसलात ना? आता वर बसा.”

काकांनी पाय पुन्हा पुढे केला. “तुला एक सांगू? त्या पहिल्या चपला... मी मुद्दाम एक नंबर लहान दिल्या होत्या.”

“माहितेय. दुकानाची पायरी उतरतानाच चावायला लागल्या. तरी आठवडाभर घातल्या. लगेच परत आले असते तर बरं दिसलं असतं का?”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला दुखत होतं, तरी मी बोलले नाही. तुम्हाला दुखतच नाही, आणि तुमचं तोंड थांबत नाही! आता गप्प बसा आणि दुसरा पाय द्या.”

नंबरकाकांनी दुसरा पाय दिला. पायांच्या बाबतीत ते जन्मात पहिल्यांदाच एक अक्षर बोलले नाहीत.