पाटीचा सहावा आकडा

गावाची भरभराट वेशीवरच्या पाटीने मोजावी, हे सर्वमान्य आहे. (सर्वमान्य म्हणजे नगरपालिकेने एकमताने ठरवलेले.)

बटणांचा कारखाना निघाला आणि पाटीवर लोकसंख्या लिहिणाऱ्या रंगाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. सोमवारी अकरा हजार, गुरुवारी तीस. आकडा वाळायच्या आत खोटा ठरायचा. न्हावी तिनाचे एकेचाळीस झाले. लोकांनी जिन्याच्या पायऱ्या भाड्याने दिल्या; वरच्या पायरीला हवेशीर म्हणून मागणी जास्त. (भाडेकरूंची झोपमोड नको, म्हणून घरमालक खिडकीतून ये-जा करत.)

तरी वाढ कमीच पडतेय असे वाटून नगरपालिकेने ठराव केला : जो कोणी गावात, किंवा गावाच्या गप्पांत, दोन मिनिटे रमेल तो रहिवासी धरावा. बसमधून डोकावणारे, पत्ता चुकलेले, फोनवर इथली खबरबात विचारणाऱ्या परगावच्या मावश्या, सगळ्यांची नोंद झाली. रंगारी हरखून गेला होता. एवढे नऊ त्याने आयुष्यात काढले नव्हते.

मग एका दुपारी नगरपालिकेचे मोठे साहेब टेप घेऊन आले. पाटी रंगाऱ्याच्या घराला खेटूनच होती.

"लाख झाले की सहावा आकडा येणार. पाटी रुंद करावी लागेल."

"करा की," रंगारी म्हणाला.

"तुमच्या स्वयंपाकघरातून जाईल."

बायको आतून म्हणाली, "काढा अजून आकडे, हौसेनं. मी आता त्या शेवटच्या शून्यातच चूल मांडते."

रंगाऱ्याने वळून आकडा पाहिला. पाटीवर ९९,९९९ होते. त्याने सख्ख्या मेहुण्याला सामानासकट बसमध्ये बसवले. (मेहुणा चार महिने नोकरी शोधत होता, बहुतेक वेळ पलंगावर.) आकडा एकाने उतरला. संध्याकाळी एकविसाव्या न्हाव्याला मुलगी झाली. आकडा परत जागेवर.

तेव्हापासून रंगारी वेशीवर उभा राहून येणाऱ्याला हात जोडतो. पाणी वाईट आहे म्हणतो, न्हावी कान कापतात म्हणतो. माणसे तिथूनच मागे फिरतात. तीन दिवस झाले, एक माणूस वाढलेला नाही. बायकोने आज भीतभीत चुलीवर आधण ठेवले आहे.

पण ठराव तो ठराव. गेली दोन मिनिटे तुम्ही कुठे रमला होतात?

साहेब टेप घेऊन निघालेत. आता आलाच आहात, तर निदान भांडी बाहेर काढायला हात लावा.